कारखाने कोणी नेले?

महाराष्ट्रातल्या शिकल्यासवरल्या वर्गाने एक निकाल केव्हाच देऊन टाकला आहे: मुंबईतले उद्योग युनियनबाजीने घालवले. पुरावा मागितला की गिरणी संपाचे नाव पुढे येते आणि चर्चा तिथेच मिटते. हाच निकाल मग बंगालला लागू होतो, केरळला होतो. चाकणमधल्या एखाद्या गेटवर झेंडा लागला की ‘आता हीही कंपनी गुजरातला जाणार’ असे भाकीत दुसऱ्या दिवशी ऐकू येते. हा निकाल साफ खोटा आहे असे म्हणता येत नाही. संपांमुळे कारखाने अडचणीत आले, काही बंद पडले, काहींनी पुढची गुंतवणूक दुसरीकडे केली, हे घडलेले आहे. पण कोणता कारखाना कधी, कुठून, कुठे गेला आणि त्या स्थलांतराने त्याच्या जमाखर्चात काय बदलले, हे एकेक करून तपासले तर निकाल टिकत नाही. कारखाना राज्य सोडतो तेव्हा त्या निर्णयात जमिनीचा भाव, करातली सवलत, बाजारपेठ आणि बंदर यांचे वजन मोठे असते. युनियनचे असलेच तर थोडे. निर्णय जाहीर करताना मात्र युनियनचे नाव फार सोयीचे पडते. जमिनीतून किती मिळणार, हे सांगायला कोणी पत्रकार परिषद घेत नाही.

सुरुवात गिरण्यांपासूनच करायला हवी, कारण सगळ्या युक्तिवादाचा पाया तिथे घातला गेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप सुमारे अडीच लाख कामगारांचा होता आणि तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते होते, पण संपाची मुळे १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात होती. त्या कायद्याने एका धंद्यात एका भागापुरती एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केली. मुंबईच्या गिरण्यांत ती मान्यता काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगारांचा त्या संघावरचा विश्वास उडाला, तरी मालकांना बोलणी मात्र त्याच्याशीच करता येत होती. म्हणजे संपाचा एक मोठा मुद्दा पगाराचा नव्हता, आपल्या वतीने कोणी बोलायचे हा होता. त्यावर तोडगा काढायला ना मालक तयार होते, ना सरकार. सामंतांनाही माघारीची वाट ठेवावीशी वाटली नाही. औषध आणि इंजिनिअरिंग कंपन्यांत त्यांनी भरघोस पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. तिथल्या मालकांना दर दिवसाच्या बंदने मोठा तोटा होई, म्हणून ते लवकर वाकत. गिरणीमालकांची गोष्ट उलट होती. गोदामे कापडाने भरलेली, यंत्रे पन्नास-साठ वर्षांची, आणि बंद पडलेल्या गिरणीच्या पगाराचा बोजा नाही. त्यांना घाई कसली असणार? सामंतांनी हे ओळखले नाही, ही त्यांची मोठी चूक होती आणि तिची किंमत गिरणगावाने मोजली.

पण गिरण्या संपाने बुडाल्या असे म्हणायचे तर त्या आधी तरंगत होत्या असे दाखवावे लागेल, आणि तसा पुरावा नाही. आजारी गिरण्या ताब्यात घ्यायला केंद्राने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन केले १९६८ मध्ये. राष्ट्रीयीकरणाचा कायदा आला १९७४ मध्ये. हातमागाला संरक्षण द्यायचे म्हणून १९५६ पासून गिरण्यांच्या मागांच्या संख्येवर सरकारनेच मर्यादा घातली होती. त्या संरक्षणाचा खरा लाभ उठवला यंत्रमागांनी. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत इथे दोन-चार माग टाकून बसलेला माणूस कारखाना कायद्याच्या बाहेर राहत होता, अबकारी कर चुकवू शकत होता आणि बारा तासांची पाळी चालवत होता. संप चालू असताना मुंबईच्या कित्येक गिरण्यांनी याच मागांवर कापड विणून घेऊन त्यावर आपला शिक्का मारला. संपाने ही वाट पाडली नाही, आधीच पडलेल्या वाटेवरची वर्दळ वाढवली, एवढेच.

याची खात्री पटवायची तर अहमदाबादकडे पाहावे. तिथे दत्ता सामंत नव्हते. १९१८च्या संपानंतर गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या प्रेरणेतून १९२० मध्ये उभा राहिलेला मजूर महाजन संघ ही लवादावर विश्वास ठेवणारी, संप टाळणारी, मालकांशी घरोब्याने वागणारी संघटना होती. मालकाने स्वप्नात पाहावी अशी युनियन म्हटले तरी चालेल. तरीही १९८० आणि १९९० च्या दशकांत अहमदाबादच्या बहुसंख्य गिरण्या बंद पडल्या, बऱ्याच ठिकाणी कामगारांची देणी बुडवून. काम सुरतेच्या यंत्रमागांकडे गेले. एका शहरात देशातल्या सर्वांत मोठ्या संपांपैकी एक आणि दुसऱ्या शहरात सर्वांत शांत संघटना, आणि शेवट दोघांचा एकच. अशा वेळी कारण संघटनेच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. ते कापडधंद्याच्या रचनेत होते.

मुंबईत आणखी एक कारण होते, जे अहमदाबादेत तितके मोठे नव्हते. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती आणि तिचा भाव गिरणीच्या धंद्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढत होता. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती केली गेली, त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला फार थोडे उरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. परळ-लोअर परळमध्ये आज काय उभे आहे ते सांगायला नको. गिरण्यांबाहेरही हेच घडले. ठाण्याचा रेमंडचा कापड कारखाना २००९ च्या सुमारास बंद झाला. उत्पादन तोपर्यंत छिंदवाडा, वापी अशा ठिकाणच्या नव्या कारखान्यांत उभे राहिले होते, आणि ठाण्याच्या त्या जमिनीवर त्याच समूहाचे गृहप्रकल्प आले. यात बेकायदा काही नाही. ज्या जमिनीवर सदनिका विकून कारखान्याच्या कित्येक वर्षांच्या नफ्याइतके मिळते, तिथे कारखाना चालवत राहणारा मालक विरळाच. मग ‘कामगारांनी हाकलून दिले’ ही तक्रार कशाला? शिवाय मुंबईतून कारखाने हलवणे हे एके काळी सरकारचेच धोरण होते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६४ मध्ये मागास भागांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली, आणि मुंबई-ठाणे पट्ट्यात नव्या व वाढीव कारखान्यांवर निर्बंध घालण्यात आले. सरकारने उद्योगाला उठायला सांगितले, तो उठला. फक्त कधी कधी राज्याची हद्द ओलांडून बसला.

आता आकड्यांकडे येऊ. केंद्र सरकारची उद्योगांची वार्षिक पाहणी दरवर्षी नोंदणीकृत कारखान्यांचा जमाखर्च मांडते. अलीकडच्या वर्षांत प्रत्यक्ष कामगारांच्या वेतनाचा वाटा एकूण उत्पादनमूल्याच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात आहे. व्यवस्थापकांपासून सर्वांचे पगार धरले तरी तो पाच-सहा टक्क्यांच्या आसपास जातो. तयार कपडे, चामड्याच्या वस्तू अशा माणसांच्या हातावर चालणाऱ्या धंद्यांत तो अधिक असतो. म्हणजे एखाद्या जबर युनियनने पगार दीडपट करून घेतले, तरी मालाच्या किमतीत फरक पडतो एखाद-दीड टक्क्याचा. याच्या शेजारी जानेवारी २००३ मध्ये जाहीर झालेले उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशचे पॅकेज ठेवावे. नव्या कारखान्याला दहा वर्षे अबकारी कर पूर्ण माफ, पाच वर्षे प्राप्तिकर पूर्ण माफ आणि पुढची पाच वर्षे अंशतः माफ. तेव्हा अबकारीचा सर्वसाधारण दर १६ टक्के होता. माफी घेतली की कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नसे, त्यामुळे निव्वळ लाभ सोळापेक्षा कमी. तरीही वेतनातल्या बचतीपेक्षा तो कितीतरी मोठा. औषधांच्या बाबतीत गंमत आणखी पुढची. २००५ मध्ये औषधांवरची अबकारी कारखान्यातल्या किमतीऐवजी छापील किरकोळ किमतीवर आकारायला सुरुवात झाली. करपात्र रकमेत काही सूट होती, तरी ठेका घेऊन गोळ्या बनवणाऱ्या मुंबई-ठाणे-अंकलेश्वरच्या कारखान्यावर कराचा बोजा एकदम वाढला आणि सोलन जिल्ह्यातल्या बद्दीत तोच कर शून्य होता. बघता बघता बद्दी हे देशातले औषधनिर्मितीचे मोठे केंद्र बनले. पुढे ईशान्य भारतासाठी तशीच सवलत आल्यावर औषध कंपन्या सिक्कीमला गेल्या. बद्दीतून सिक्कीमला कोणी युनियनच्या भीतीने पळाले असे अजून तरी कोणी म्हटलेले नाही. आपल्या दाराशी याची जुनी आवृत्ती होती. १९९३ पासून दादरा-नगर हवेली आणि दमण इथे प्राप्तिकराची सुटी होती, विक्रीकरही नव्हता, आणि वापी-सिल्वासाचा पट्टा प्लॅस्टिकने व कृत्रिम धाग्याने भरून गेला.

बजाज ऑटोची कहाणी या संदर्भात फार बोलकी आहे. २००७ मध्ये कंपनीने उत्तराखंडमधल्या पंतनगरला नवा कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी आकुर्डीच्या जुन्या कारखान्यातले उत्पादन थांबवले. तेव्हा कंपनीने कारण दिले ते जकातीसह महाराष्ट्रातल्या करांचे. ते प्रामाणिक होते, कारण हिशेब तसाच होता. सहा वर्षांनी, जून २०१३ मध्ये, चाकणच्या कारखान्यात संप झाला. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत, ही त्यातली गाजलेली मागणी होती. कंपनीने उत्पादनाचा काही भाग वाळूज आणि पंतनगरला हलवण्याची तयारी जाहीर केली. पन्नास दिवसांनी संप मागे घेतला गेला आणि ती मागणी मान्य झाली नाही. इथे युनियनचा आणि स्थलांतराचा खरा संबंध उघड होतो. पंतनगरचा कारखाना युनियनमुळे बांधला नव्हता, करमाफीसाठी बांधला होता. पण एकदा तो उभा राहिल्यावर चाकणच्या टेबलावर वाटाघाटीत तो कंपनीच्या बाजूने बसू लागला. आपल्याकडे युनियनच्या ताकदीने कारखाने हलल्याचे सांगतात. मला दिसते ते असे की कारखाने हलू शकतात म्हणून युनियनची ताकद आटली.

याला एक भारदस्त आक्षेप आहे आणि तो अभ्यासकांचा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९५८ ते १९९२ या काळात राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्या त्यांनी कामगारांच्या बाजूच्या की मालकांच्या बाजूच्या अशा वर्गवारीत बसवल्या आणि निष्कर्ष काढला की कामगारधार्जिण्या राज्यांत नोंदणीकृत उद्योगांचे उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार मागे पडले. धोरणकर्त्यांनी हा निबंध डोक्यावर घेतला. पण वर्गवारी जरा जवळून पाहा. त्यात बंगाल आणि महाराष्ट्राबरोबर गुजरातही कामगारधार्जिणा आहे आणि केरळ मालकधार्जिणा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आदित्य भट्टाचार्य यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की गुजरातवर हा शिक्का बसला तो १९७३च्या एकाच किरकोळ दुरुस्तीमुळे. संयुक्त व्यवस्थापन मंडळ न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला पन्नास रुपये दंड, एवढाच तिचा आशय होता. महाराष्ट्राचा १९७१चा कायदा, ज्याच्या नावाने इथले उद्योजक खरोखर बोटे मोडतात, जो युनियनला मान्यता देतो आणि मालकाच्या अनुचित वागणुकीवर दाद मागू देतो, तो स्वतंत्र कायदा असल्याने मोजणीत येतच नाही. कायद्यांचा उद्योगावर परिणाम होत नाही असा याचा अर्थ नव्हे. शंभर किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याच्या अटीमुळे कित्येकांनी पट मुद्दाम लहान ठेवला, हे मानायला जागा आहे. पण ती अट केंद्रीय कायद्यातली होती, गुजरातेत आणि महाराष्ट्रात सारखीच. ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचे कारण कशी होईल?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: प्रश्न पगाराचा नाही, ताब्याचा आहे. मालकाला दोन टक्के वाचवायचे नसतात. आपल्या कारखान्यात आपण ठरवू तेव्हा आणि तसे काम चालेल, याची शाश्वती हवी असते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि जिथे तो खरा ठरला असे उदाहरण अमेरिकेतले आहे. २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बोइंगच्या यंत्रकामगारांनी ५७ दिवस संप केला. पुढच्या वर्षी कंपनीने ७८७ विमानाची दुसरी जोडणी-शृंखला साउथ कॅरोलायनात, जिथे युनियन जवळजवळ नाहीत अशा राज्यात, न्यायचे ठरवले. वारंवारच्या संपांचा उल्लेख कंपनीच्या अधिकाऱ्यांनी उघडपणे केला. त्यावर कामगार संबंध मंडळाने २०११ मध्ये तक्रार दाखल केली आणि नवा करार झाल्यावर मागे घेतली. अमेरिकेत हे होऊ शकते याला कायदेशीर कारण आहे. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने युनियनची वर्गणी सक्तीची करण्यास मनाई करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि दक्षिणेकडच्या राज्यांनी तो वापरून स्वतःची जाहिरात केली. म्हणजे तिथे युनियनविरोध हीच राज्यांनी विकायला काढलेली सवलत होती. तरीही एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगा इथे फोक्सवॅगनच्या कामगारांनी मतदान करून युनियन आणली. दक्षिणेला जाऊन युनियन टळते, पण किती काळ, याचे उत्तर तिथे मिळू लागले आहे.

भारतात ते उत्तर लवकर मिळाले. मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यात २०११ मध्ये नवी युनियन नोंदवण्यावरून संप झाले आणि १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचारात मनुष्यबळ विभागाचे एक वरिष्ठ अधिकारी जळून मेले. त्याचे समर्थन कोणत्याही बाजूने होऊ शकत नाही. त्यानंतर ‘मारुती आता गुजरातला जाणार’ अशा मथळ्यांची चळत लागली. गुजरातमधल्या हंसलपूरचा कारखाना खरोखर झाला, पण त्याचा निर्णय त्या हिंसाचाराच्या आधीचा होता आणि मुंद्रा बंदराची जवळीक हे त्याचे मोठे कारण होते. महत्त्वाचे पुढचे आहे: कंपनीने आपला पुढचा मोठा कारखाना हरियाणातच, मानेसरपासून फार दूर नसलेल्या खरखोद्यात बांधला आणि २०२५ मध्ये तिथे उत्पादन सुरू केले. सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने गुरगाव-मानेसर पट्ट्यात असताना मोटारीचा कारखाना एका रात्रीत उठून जात नाही. टाटांची नॅनो सिंगूरहून साणंदला गेली ती २००८ मध्ये, जमिनीच्या आंदोलनामुळे, युनियनमुळे नव्हे; आणि त्या साणंदमध्येही २०१६ साली कामगारांचा संप झालाच. तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी २०२४ मध्ये सीटूच्या नेतृत्वाखाली ३७ दिवस संप केला, पुढे न्यायालयातून युनियनची नोंदणीही मिळवली. कंपनी तिथेच आहे. आणि तमिळनाडू, लाल झेंड्याची आणि द्रविड पक्षांच्या युनियनची इतकी जुनी परंपरा असलेले राज्य, कारखान्यांच्या संख्येत आणि त्यांतल्या रोजगारात देशात पहिले आहे. युनियन हे पळून जाण्याचे प्रमुख कारण असते तर हा क्रम उलटा दिसायला हवा होता. युनियन नसण्याचे परिणामही पाहून ठेवावेत. डिसेंबर २०२० मध्ये कोलारजवळच्या नरसापुरात विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात थकलेल्या पगारावरून कामगारांनी मोडतोड केली. तिथे मान्यताप्राप्त युनियन नव्हती. बहुतेक माणसे कंत्राटदारांमार्फत आलेली होती. तक्रार कोणाकडे न्यायची हेच ठरलेले नसेल तर ती दगड होऊन बाहेर पडते.

बंगालचा उल्लेख टाळून चालणार नाही. १९६७ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारने घेराव चालू दिले आणि कलकत्त्याच्या उद्योगपतींनी त्याचा धसका घेतला, हे ऐतिहासिक सत्य आहे. पण १९५६ पासून मालवाहतुकीच्या भाडे-समानीकरणामुळे जमशेदपूर-दुर्गापूरचे पोलाद मुंबईत आणि लुधियान्यात हावड्याच्याच भावाने मिळत होते, आणि त्यामुळे बंगाल-बिहारचा नैसर्गिक फायदा पुसला गेला होता, हेही तितकेच सत्य आहे. या धोरणाचा मोठा लाभार्थी आपला इंजिनिअरिंग उद्योग. बंगालच्या युनियनना नावे ठेवताना हा भाग आपल्याकडे सहसा आठवत नाही.

मग युनियनवाल्यांनी काहीच चुकवले नाही काय? पुष्कळ चुकवले, पण आरोप होतो त्याच्या नेमके उलट. त्यांचा दोष फार ताकदवान असण्यात नाही, चुकीच्या जागी ताकदवान असण्यात आहे. कायम कामगारांचे वेतनकरार करण्यात ते इतके गुंतले की शेजारच्या मशीनवर त्याच कामासाठी निम्म्याहून कमी पैसे घेणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्यांनी सभासदच मानले नाही. २००० च्या सुमारास कारखान्यांतल्या पाच कामगारांपैकी एक कंत्राटी होता. आज पाचांपैकी दोन आहेत. एका अर्थाने हा कारखान्याच्या आतला स्थलांतराचाच प्रकार: काम गेट न ओलांडता स्वस्त हातांकडे गेले. आकुर्डीच्या युनियनचा पंतनगरशी काही संबंध नव्हता, ठाण्याच्या युनियनचा बद्दीशी नव्हता. कंपनीचे ताळेबंद एक, संचालक मंडळ एक, आणि कामगारांच्या संघटना मात्र गेटनिहाय. त्यात एका गेटवर दोन-दोन, तीन-तीन संघटनांची आपसातली भांडणे. बाहेरच्या पुढाऱ्याशिवाय पान हलू द्यायचे नाही ही सवय मुंबईने पुण्याला दिली. आणि औद्योगिक पट्ट्यांत ‘कामगार पुढारी’ म्हणून मिरवणाऱ्या एका वेगळ्याच जातीने या बदनामीत भर घातली. माल चढवण्या-उतरवण्याचा, भंगाराचा, बसगाड्यांचा, कँटीनचा ठेका आपल्यालाच मिळावा म्हणून गेटवर दम देणारी ही मंडळी. १९६९चा माथाडी कायदा ज्या हमालांसाठी झाला, त्यांच्या नावाने होणाऱ्या वसुलीबद्दल राज्य सरकारलाही जाहीरपणे बोलावे लागले. उद्योजक कंटाळून जात असतील तर या छळाला कंटाळून जातात यावर माझा विश्वास आहे. पण ही युनियन नव्हे. यातल्या बहुतेकांच्या पाठीशी स्थानिक राजकारण उभे असते, आणि त्यांचा बंदोबस्त हे पोलिसांचे काम आहे, कामगार आयुक्तांचे नव्हे.

सरतेशेवटी राज्यांच्या चढाओढीकडे यावे लागते, कारण खेळ तिथे आहे. विक्रीकरातल्या सवलतींची ही शर्यत सर्वांनाच नागवते आहे हे ओळखून १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत त्या बंद करण्याचे ठरले. ठराव झाला, शर्यत थांबली नाही. सवलतींची नावे बदलली. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. त्या वादात कामगार संघटनांचे नाव कोणी घेतले नाही. बोलणे होते अनुदान, वीजदर, जमीन आणि दिल्लीच्या कलाबद्दल. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि ज्या कारखान्यासाठी दोन राज्ये भांडली तो त्या भागीदारीत कुठेच झाला नाही. त्याच तळेगावची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये गुजरातमधला हालोलचा कारखाना बंद करून उत्पादन तळेगावात एकवटले. होय, गुजरातमधून महाराष्ट्रात. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावही बंद झाले, कारण डेट्रॉइटच्या मुख्यालयाने भारतातून अंग काढून घ्यायचे ठरवले होते आणि चिनी कंपनीला कारखाना विकण्याचा बेत सीमेवरच्या तणावानंतर फसला. चौदाशेहून अधिक कामगार नुकसानभरपाईसाठी कोर्टकचेऱ्या करत राहिले. पुढे तोच कारखाना ह्युंदाईने घेतला. या कंपनीने श्रीपेरुम्बुदूरला संप पाहिले होते, तळेगावच्या कामगारांचा लढा तिच्या डोळ्यांसमोर होता. तरी ती आली, कारण तयार कारखाना, सुटे भाग पुरवणारा पुणे पट्टा आणि पश्चिम किनारा तिला हवा होता.

नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखाना बंद करायला परवानगी आता तीनशे किंवा अधिक कामगार असतील तरच लागेल, संपाला चौदा दिवसांची नोटीस सर्वत्र बंधनकारक आहे, मुदतबंद नेमणुका खुल्या आहेत. मालकांच्या जुन्या मागण्यांपैकी बऱ्याच पुऱ्या झाल्या, त्याही सगळ्या राज्यांत सारख्या. तेव्हा यापुढे एखादा कारखाना महाराष्ट्र सोडेल तेव्हा युनियनकडे बोट दाखवण्याची सोय उरू नये. आपल्या आमदारांनी विधानसभेत विचारायचे प्रश्न दोनच आहेत: जाणाऱ्या कारखान्याला इथे आजवर किती सवलत दिली होती आणि त्यापैकी किती वसूल केली, आणि त्याच्या रिकाम्या होणाऱ्या जमिनीचा वापर बदलायला परवानगी कोणी, कधी, कोणत्या अटीवर दिली. प्रोत्साहन योजनेच्या प्रत्येक कराराला रोजगाराची अट आणि वसुलीचे कलम जोडून तो करार सरकारने लोकांसमोर ठेवला पाहिजे.